अतिशय कृश किंवा अशक्त रुग्णाला त्वचेखाली इंजेक्शन देणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न घरी रुग्णाची काळजी घेणाऱ्यांचे आहेत, तसेच नव्याने काम सुरू केलेल्या नर्सचेही. औषध कोणते, किती आणि कधी हे डॉक्टर ठरवतात. ते औषध नेमके चरबीच्या थरात कसे पोचवायचे, एवढेच इथे पाहू.

रुग्णाच्या अंगावर मांसच उरलेले नाही. तरी त्वचेखाली इंजेक्शन देता येते का?

बहुतेक वेळा येते. माणूस लठ्ठ असो वा हाडकुळा, इंजेक्शनच्या जागांवर त्वचेची जाडी साधारण २ मिलिमीटरच असते. वजन उतरते तेव्हा आटतो तो त्वचेखालचा चरबीचा थर. त्यामुळे खरा प्रश्न हा की त्वचा ओलांडल्यावर आणि स्नायू लागण्याआधी सुईच्या टोकाला किती जागा मिळते. काहींच्या मांडीवर ही जागा दोन-तीन मिलिमीटर असते, तर त्याच रुग्णाच्या कुल्ल्यावर सात-आठ. म्हणून सवयीच्या जागी सवयीची सुई टोचण्याआधी बोटांनी चाचपून पाहा.

चरबी किती आहे हे घरी कसे कळणार?

अंगठा आणि तर्जनीने कातडी उचला आणि चिमटीची जाडी पाहा. चिमटीत कातडीचे दोन पदर येतात, म्हणजे ४ मिलिमीटर तर नुसती त्वचाच. चिमूट जेमतेम ४-५ मिलिमीटर जाड असेल, तर मध्ये चरबी जवळजवळ नाही. वजन झपाट्याने उतरलेल्या माणसाची कातडी भरपूर उचलली जाते, पण ती रिकामी असते. चिमूट मोठी दिसली म्हणून फसू नका, बोटांच्या मध्ये काही मऊ भरल्यासारखे लागते का ते बघा.

चिमटीच्या जाडीच्या निम्मे म्हणजे त्या जागी त्वचा आणि चरबी मिळून साधारण खोली. एक सेंटिमीटर जाड चिमूट असेल तर स्नायू अंदाजे ५ मिलिमीटरवर आहे. तिथे कातडी न उचलता ८ मिलिमीटरची सुई सरळ घातली तर ती स्नायूत जाणारच.

कोणत्या लांबीची सुई वापरायची आणि किती तिरकी धरायची?

इन्सुलिन पेनसाठी ४ मिलिमीटरची सुई. कृश माणसासाठी याहून सोयीची सुई नाही. ती काटकोनात, म्हणजे त्वचेला सरळ टोचायची. अगदीच बारीक रुग्णाच्या मांडीवर किंवा दंडावर देताना कातडी हलकेच उचलून धरायची. ही सुई तिरकी मात्र घालू नका. ४५ अंशात घातली तर तिचे टोक २.८ मिलिमीटरच्या आसपास पोचते, म्हणजे त्वचेच्या जेमतेम खाली. औषध त्वचेतच अडकते किंवा बाहेर येते.

लांब सुयांचा हिशेब उलटा. ४५ अंशात घातल्यावर ६ मिलिमीटरची सुई सुमारे ४.२ मिलिमीटर खोल जाते, ८ ची सुमारे ५.७ आणि १२.७ ची सुमारे ९. त्यामुळे ६ मिलिमीटरच्या सुईला कातडी उचला किंवा सुई तिरकी धरा, आणि ८ च्या सुईला दोन्ही करा. १२.७ मिलिमीटरची सुटी सुई कृश रुग्णासाठी घेऊच नका. सिरिंजला सुई कायमची जोडलेली असेल तर काय, ते पुढे आहे.

सुईचा नंबर म्हणजे जाडी, लांबी नव्हे. ३१ नंबरची सुई बारीक असते म्हणून ती आखूडच असेल असे नाही. पाकिटावर मिलिमीटरचा आकडा वाचा.

कातडी नेमकी कशी उचलायची?

अंगठा आणि तर्जनी, फार तर मधले बोट. पूर्ण मुठीने पकडले की स्नायूही वर येतो आणि सगळी खटपट वाया जाते. बोटे दोन-अडीच सेंटिमीटर अंतरावर टेकवा, किंचित जवळ आणा आणि वर उचला. कातडी पांढरी पडेल इतके दाबू नका. दुखते, आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर बोटांचेच वळ उठतात.

उचलल्यावर चिमूट बोटांत हलकेच फिरवून बघा. त्वचा आणि चरबी खालच्या थरावरून सहज सरकतात. रुग्णाला मांडी किंवा पोट किंचित ताठ करायला सांगा. चिमटीत काही घट्ट होऊन बोटांतून निसटू लागले तर स्नायू पकडला गेला आहे. सोडा आणि पुन्हा उचला.

सुई चिमटीच्या माथ्यावर घालायची, बाजूने आरपार नव्हे. कृश माणसात चिमूट इतकी पातळ असते की आडवी घातलेली सुई दुसऱ्या बाजूने बाहेर येऊन तुमच्याच बोटात घुसू शकते. औषध पूर्ण जाईपर्यंत कातडी धरून ठेवा. सुई बाहेर काढा, मग चिमूट सोडा. मध्येच सोडली तर चरबी खाली बसते आणि सुईचे टोक स्नायूत जाते.

कृश रुग्णात कोणती जागा चांगली?

कुल्ल्याचा वरचा बाहेरचा भाग. अंगावर कुठेच चरबी नसली तरी तिथे बहुधा थोडी शिल्लक असते. मात्र अंथरुणाला खिळलेल्या रुग्णात आधी नीट पाहा. दाबाने लाल झालेली, कडक किंवा फोड आलेली कातडी सोडून द्या.

पोट हा दुसरा पर्याय. इन्सुलिन असेल तर बेंबीपासून किमान १ सेंटिमीटर आणि एनोक्सापॅरिन (रक्ताच्या गुठळ्या रोखणारे औषध) असेल तर किमान ५ सेंटिमीटर दूर, डाव्या किंवा उजव्या बाजूला. रुग्ण सपाट झोपला की कृश पोट आत जाते आणि उचलायला काही सापडत नाही. पाठीमागे उशी देऊन अर्धवट बसवा, गुडघ्यांखालीही उशी द्या. पोटाची कातडी सैल पडली की तीच जागा वापरता येते. एवढ्या एका गोष्टीने अर्ध्या तक्रारी मिटतात.

मांडीला वरच्या तृतीयांशातला पुढचा-बाहेरचा भाग घ्या. चालता-फिरता रुग्ण असेल आणि इंजेक्शननंतर लगेच हालचाल करणार असेल तर मांडीतून इन्सुलिन लवकर शोषले जाते, हे लक्षात ठेवा. कृश रुग्णात दंडाच्या मागच्या बाजूला चरबी फारशी उरत नाही. तिथे स्वतःला टोचताना कातडी उचलणे जमतच नाही. दुसरे कोणी देत असेल आणि सुई आखूड असेल तरच तो वापरा.

हाडावरची कातडी, जुने व्रण, रेडिएशन दिलेली जागा, सूज आलेला पाय, स्तनाच्या शस्त्रक्रियेच्या बाजूचा सुजलेला हात, पाणी साठून ताणलेले पोट, स्टोमाच्या (शौच-लघवीसाठी पोटावर केलेल्या छिद्राच्या) भोवतीची त्वचा हे सगळे टाळा. सुजलेल्या भागात औषध कधी शोषले जाईल याचा भरवसा नसतो.

चांगल्या जागा दोनच उरल्या आहेत. रोज तिथेच दिले तर चालेल?

जागा तीच, पण ठिपका रोज वेगळा हवा. आधीच्या टोचण्यापासून किमान १ सेंटिमीटर, म्हणजे बोटभर अंतर ठेवा. तिथेच टोचत राहिल्याने कातडीखाली रबरासारख्या गाठी होतात. त्या गाठीत टोचले की दुखत नाही, म्हणून रुग्ण तिथेच मागतो, पण इन्सुलिन मात्र लहरीपणाने शोषले जाते. आठवड्यातून एकदा साबण लावलेल्या ओल्या बोटांनी जागा चाचपा, डोळ्यांना न दिसणारी गाठ हाताला लागते. गाठीतून चांगल्या कातडीकडे वळताना डॉक्टरांशी बोला, कारण तोच डोस आता जास्त लागू पडून साखर उतरू शकते.

एनोक्सापॅरिनच्या भरलेल्या सिरिंजची सुई बदलता येत नाही आणि ती लांब असते. काय करायचे?

या सिरिंजला साधारण १२.७ मिलिमीटरची सुई कायमची बसवलेली असते. उचललेल्या चिमटीत सुई सरळ, पूर्ण लांबीने घालावी अशी उत्पादकाची सूचना असते. कातडी उचलली की चिमटीच्या माथ्यापासून खालच्या स्नायूपर्यंतचे अंतर वाढते आणि सुई त्या उंचीत मावते. म्हणून इथे चिमूट किती उंच उचलली जाते ते महत्त्वाचे.

चिमूट दोन-अडीच सेंटिमीटर उंच आणि भरलेली असेल तर सरळ घाला. त्याहून कमी असेल तर नर्स सुई ४५ अंशांत घालतात. तेवढीही जागा पोटावर मिळत नसेल तर घरच्या घरी जुगाड करू नका. जागा बदलून किंवा वेगळ्या सुईने देणे किंवा औषधच बदलणे हे डॉक्टर ठरवतील. निम्मीच सुई आत घालून बाकीची हवेत ठेवणे हा उपाय नाही, कारण हात जरा हलला की खोली बदलते.

भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा का?

पूर्ण डोस द्यायचा असेल तर नाही. तो बुडबुडा मुद्दाम ठेवलेला असतो, औषधाचा शेवटचा थेंबही आत ढकलला जावा म्हणून. काढायला गेलात तर औषध वाया जाते. डोस कमी करून द्यायचा असेल तेव्हाच, टोचण्याआधी, जास्तीचे औषध खुणेपर्यंत बाहेर टाकायचे.

इन्सुलिन पेनचे उलट आहे. दर वेळी नवी सुई लावून, सुई वर धरून २ युनिट हवेत सोडा. टोकावर थेंब दिसला की मगच डोस लावा.

सुई आत गेल्यावर मागे ओढून रक्त येते का ते पाहायचे का?

नाही. त्वचेखालच्या इंजेक्शनला त्याची गरज नाही आणि हिपॅरिन वर्गाच्या (एनोक्सापॅरिनसारख्या) औषधांत त्याने निळे डाग वाढतात. पेनमध्ये तर ते शक्यच नसते.

स्पिरिट लावायचे का?

स्वच्छ धुतलेल्या त्वचेला गरज नसते. लावले तर पूर्ण सुकू द्या. ओल्या स्पिरिटमधून सुई गेली की चरचरते. अशक्त रुग्णाची कातडी कागदासारखी असते, ती घासू नका. बरीच वर्षे स्टेरॉइड घेतलेल्यांची तर नखानेही फाटते. तुमची नखे आधी कापा.

किती औषध एका वेळी मावते?

प्रौढांना एका जागी १ ते १.५ मिलीलीटर चालते. कृश रुग्णात १ मिलीलीटरपर्यंतच थांबणे बरे. त्याहून जास्त असेल तर दोन जागी विभागून देता येईल का ते डॉक्टरांना विचारा. कमी चरबीत जास्त औषध ढकलले की ताण पडतो, दुखते आणि सुई काढताच औषध मागे येते.

औषध हळू सोडा. हिपॅरिन वर्गातले औषध सुमारे ३० सेकंद घेऊन दिले तर दहा सेकंदांत दिल्यापेक्षा निळे डाग आणि दुखणे कमी होते. पेनचे बटण पूर्ण दाबल्यावर दहापर्यंत सावकाश मोजून मगच सुई काढा.

फ्रिजमधले औषध अर्धा तास बाहेर ठेवले तर टोचताना कमी झोंबते. गरम पाण्यात मात्र बुडवू नका.

औषध त्वचेतच अडकले किंवा बाहेर आले हे कसे ओळखायचे?

मच्छर चावल्यासारखा पांढरट फुगवटा उठतो, दट्ट्या जड लागतो आणि रुग्णाला आग होते. म्हणजे सुई पुरेशी आत गेली नाही. पुढच्या वेळी ४ मिलिमीटरची सुई पूर्ण टेकेपर्यंत सरळ घाला.

सुई काढल्यावर टोकावरचा एखादा थेंब गेला तर काळजी नको. कातडीवरून ओघळ आला तर डोस किती गेला ते सांगता येत नाही. दुसरे इंजेक्शन मात्र देऊ नका. इन्सुलिन असेल तर साखर तपासत राहा, इतर औषध असेल तर डॉक्टरांना कळवा.

आणि स्नायूत गेले तर?

टोचताना खोलवर कळ येते, कधी रुग्णाचा स्नायू आकसतो, सुई काढल्यावर नेहमीपेक्षा जास्त रक्त येते. अनेकदा कळतही नाही. इन्सुलिन स्नायूतून लवकर शोषले जाते, त्यामुळे साखर अपेक्षेआधी उतरते. बराच काळ टिकणाऱ्या इन्सुलिनचेही तेच होते. अशी शंका असेल तेव्हा अर्ध्या तासाने, एका तासाने आणि दोन तासांनी साखर पाहा. ७० च्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम साखर पाण्यात द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका, लगेच वैद्यकीय मदत बोलवा.

कारण नसताना रोज वेगवेगळ्या वेळी साखर उतरत असेल तर डोसवर संशय घेण्याआधी सुईची लांबी आणि जागा तपासा. कृश रुग्णात हेच कारण निघाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

निळे-काळे डाग पडतात. घाबरायचे का?

एनोक्सापॅरिनवर असलेल्या कृश वृद्धाला लहान डाग पडणे नेहमीचे आहे. सुई काढल्यावर कापसाने दोन-तीन मिनिटे दाबून धरा, चोळू नका. पुढचे इंजेक्शन दुसऱ्या बाजूला द्या.

एक गोष्ट मात्र सोडून चालणार नाही. पोटाच्या भिंतीत, स्नायूच्या आवरणाच्या आत रक्त साठू शकते. कातडीवर डाग फारसा नसतो, पण पोटात एका बाजूला अचानक दुखू लागते, कठीण गाठ हाताला लागते, खोकला आला की कळ वाढते, रुग्ण फिका पडतो, नाडी जलद होते. पुढचा डोस देऊ नका आणि रुग्णालयात न्या.

वजन खूप उतरले आहे. डोस तोच ठेवायचा का?

हे विचारायचे कोणाला सुचतच नाही. एनोक्सापॅरिन गुठळ्या टाळण्यासाठी ठरावीक मात्रेत दिले जाते तेव्हा ४५ किलोपेक्षा कमी वजनाच्या स्त्रियांत आणि ५७ किलोपेक्षा कमी वजनाच्या पुरुषांत ते शरीरात जास्त प्रमाणात राहते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखी. क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ताची) तपासणी शेवटची कधी झाली ते डॉक्टरांना सांगा. इन्सुलिनचीही गरज वजनाबरोबर घटते. बिछान्यातल्या रुग्णाचे वजन काढणे जमत नसेल तर दंडाचा घेर टेपने मोजून लिहून ठेवा, फरक तरी कळतो.

जेवणाचा भरवसा नाही. जेवणाआधीचे इन्सुलिन कसे द्यायचे?

इन्सुलिन देऊन बसलो आणि रुग्णाने दोन घासांवर तोंड फिरवले, ही सर्वांत धोकादायक वेळ. झटपट काम करणारे इन्सुलिन काही रुग्णांत जेवण झाल्यावर, किती खाल्ले ते पाहून देण्याची मुभा डॉक्टर देतात. ही मुभा आधी विचारून लिहून घ्या. साध्या मानवी इन्सुलिनला हे लागू नाही.

इन्सुलिनची ४० युनिटची आणि १०० युनिटची (प्रति मिलीलीटर) सिरिंज, यात खरेच फरक आहे?

१०० युनिट प्रति मिलीलीटरचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले तर आत ५० युनिट जातात. उलट केले तर २० ऐवजी ८ च. कृश, कमी खाणाऱ्या रुग्णाला पहिली चूक जीवघेणी ठरू शकते. ४० च्या सिरिंजची टोपी सहसा लाल, १०० ची नारिंगी असते. पण रंगावर विसंबू नका, बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचे आकडे जुळवून पाहा.

बटण दाबून चालणाऱ्या ऑटोइंजेक्टरचे काय?

त्यात सुईची खोली कारखान्यातच ठरलेली असते, तिरके धरून कमी करता येत नाही. काही उपकरणे कातडी उचलायला सांगतात, काही ताणायला, म्हणून सोबतची माहिती वाचा. रुग्ण फारच बारीक असेल तर त्याच औषधाची साधी भरलेली सिरिंज मिळते का ते विचारा.

दिवसातून चार-पाच वेळा टोचावे लागते. काही सोय?

त्वचेखाली ठेवायची बारीक कॅन्युला (मऊ नळी) किंवा बटरफ्लाय (पंखांची छोटी सुई), म्हणजे दर वेळी नव्याने टोचावे लागत नाही. अखेरच्या आजारातल्या रुग्णांत ती नेहमी वापरतात. ती घालण्याचे काम प्रशिक्षित नर्सचे. छातीच्या वरच्या भागात अगदी कृश रुग्णाला घालताना फुप्फुसाला इजा होण्याचा धोका असतो, म्हणून पोट किंवा मांडी घेतात. गोंधळलेला, नळ्या ओढणारा रुग्ण असेल तर खांद्याच्या पाठीमागच्या फऱ्याजवळ, जिथे त्याचा हात पोचत नाही.

वर पारदर्शक पट्टी लावा म्हणजे जागा रोज दिसेल. लाली, सूज, कडकपणा, गळती, दुखणे यांतले काही दिसले की नवी जागा. सगळी औषधे यातून देता येत नाहीत. डायझेपाम आणि क्लोरप्रोमाझिन त्वचेखाली दिली तर ऊती जळतात. पट्टी काढताना वर खेचू नका, कडेने त्वचेला समांतर ताणत सोडवा, नाहीतर पट्टीबरोबर कातडी निघते.

हातपाय थंड पडले आहेत. द्यायचे की थांबायचे?

रक्ताभिसरण मंदावले की औषध कातडीखाली पडून राहते आणि नंतर, अंग गरम झाल्यावर, एकदम शोषले जाते. रक्तदाब फार कमी असेल, घाम फुटला असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर आधी डॉक्टरांना फोन करा. इन्सुलिन आणि वेदनाशामकांत हे विशेष.

वापरलेली सुई?

टोपी दोन्ही हातांनी परत बसवू नका. सरळ जाड, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात टाका आणि डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करा. स्वतःला टोचली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, पिळू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.